रेस दिली की ग्रास कटर दबतो: स्क्रूला हात लावण्याआधी काय बघायचं

प्रश्न पन्हाळ्याच्या बाजूच्या एका शेतकरी दादांचा आहे. त्यांच्याकडे ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ग्रास कटर आहे, तीन पावसाळे वापरलेला. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, ‘‘मेस्त्री, स्लोला गोडीत चालतंय. एकदम रेस दिली की भुक्कन दबतंय, कधी बंदच पडतंय. हळूहळू रेस वाढवली तर चढतंय, पण गवतात घातलं की दम सोडतंय. प्लग नवा घातला. कार्बोरेटर दोन वेळा साफ करून आणला. एकानं स्क्रू फिरवून दिला, दोन दिवस बरं चाललं, परत तसंच. आता नवा कार्बोरेटरच घालू का?’’

दादा, नवा कार्बोरेटर लगेच घेऊ नका. आणि तो स्क्रू आता कुणाला फिरवू देऊ नका. दोन दिवस बरं चाललं आणि परत तसंच झालं, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. स्क्रू फिरवून दोष झाकला गेला, निघाला नाही.

आधी मशीन का दबतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुम्ही ट्रिगर दाबता तेव्हा कार्बोरेटरमधली थ्रॉटलची पत्ती एकदम उघडते. हवा हलकी, ती लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागून येतं. मधल्या क्षणात सिलिंडरमध्ये हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण लीन होतं. हा क्षण निभावून न्यायला पत्तीच्या कडेला सुईच्या टोकाएवढी दोन-तीन भोकं दिलेली असतात. पत्ती उघडू लागली की ती एकापाठोपाठ एक पेट्रोल सोडतात आणि तेवढ्यात मोठा जेट, म्हणजे पेट्रोलचं मुख्य भोक, चालू होतो. या भोकांना पेट्रोल कमी पडलं की मशीन दबणारच. हळूहळू रेस दिल्यावर चढतंय, कारण तेव्हा पेट्रोलला यायला वेळ मिळतो.

हे तुमच्या मशीनचंच दुखणं आहे का, याची परीक्षा एका मिनिटाची आहे. मशीन पाच मिनिटं चालवून गरम करा. स्लोवर ठेवून चोक अर्धा लावा आणि रेस द्या. चोक लावल्यावर पिकअप सुधारला, तर मशीन लीन आहे, पेट्रोल कमी पडतंय. उलट जास्तच घुसमटलं, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय. मग एअर फिल्टर, अर्धवट अडकलेला चोक किंवा कार्बोरेटरची सुई बघायची. एअर फिल्टरचा फोम तेलाने आणि गवताच्या भुग्याने चिकट झाला असेल तर तो साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. तुमच्या वर्णनावरून मला लीनचीच खात्री वाटते, म्हणून आता त्याच वाटेने जातो.

लीन म्हणजे दोनच गोष्टी: पेट्रोल कमी येतंय, किंवा कुठून तरी चोरून हवा येतेय.

पेट्रोलची वाट टाकीपासून बघायची. टाकीला हवा आत घ्यायला एक बारीक वाट असते, झाकणात किंवा टाकीच्या रबरात, एकदिशा व्हॉल्व्हची. पेट्रोल जेवढं बाहेर गेलं तेवढी हवा आत आली पाहिजे. ती वाट मातीने बंद झाली की टाकीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटरच्या पंपाला पेट्रोल खेचेना होतं. मशीन दबायला लागलं की तिथल्या तिथे झाकण अर्धा आटा सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि मशीन सुधारलं, तर तुमचा आजार दहा रुपयांचाही नाही. बांधावर मशीन आडवं टाकायची सवय असली की तिथे चिखल बसतो, म्हणून मी हे सगळ्यात आधी बघायला सांगतो.

मग टाकीतला फिल्टर. तारेच्या आकड्याने नळी बाहेर ओढा, टोकाला फिल्टर असतो. तो दिसायला पांढरा आहे म्हणून चांगला आहे असं समजू नका. बारीक शेवाळासारखा थर आत असतो, बाहेरून कळत नाही. नवाच घाला. नळी हातात घेऊन वाकवून बघा. कडक झाली असेल, वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर तीही बदला. चिरेतून पेट्रोल ठिबकत नाही म्हणून नळी चांगली असं नाही. ती ओढीची नळी आहे, चिरेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

टाकी उघडलीच आहे तर आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता आणि अर्धा तास ठेवा. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं झालं आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. आपणच पिकवलेल्या उसाच्या रसापासून आणि मळीपासून हे इथेनॉल होतं, आणि शेतकरी म्हणून त्याचा आनंदच आहे. पण या छोट्या इंजिनाला त्याच्या दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच भोकातून तेवढंच इंधन आलं तरी मिश्रण आधीपेक्षा थोडं लीन होतं. जुनं मशीन जे काठावर चालत होतं ते दबायला लागतं. दोन, इथेनॉल पाणी ओढून घेतं. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, इकडे पावसाळ्यात हवेतच पाणी असतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल मात्र वर पेट्रोलबरोबर राहतं. आता विचार करा, तुमचा फिल्टर कुठे पडलेला असतो? तळाला. म्हणजे मशीन जवळजवळ बिनतेलाचं पाणी-अल्कोहोल पिणार. बरणीत तळाला वेगळी रेष दिसली तर ते पेट्रोल मशीनमध्ये परत घालू नका, हात जोडून सांगतो.

ऑइलचं प्रमाण मशीनच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. २५ ला १ असेल तर एक लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. औषध मोजायचं छोटं माप दुकानात मिळतं, ते वापरा. ‘झाकणभर जास्त घातलं तर इंजिनाला चांगलं’ हा समज मोडायला हवा. तेल वाढलं की त्याच भोकातून पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी लीन होतं आणि सायलेन्सर कार्बनने भरतो.

आता कार्बोरेटर. तुमचा कार्बोरेटर दोनदा साफ झालाय असं म्हणता, तर मला विचारायचंय, पडदे बदलले का? बहुतेक ठिकाणी उघडतात, फवारणीने धुतात, हवा मारतात आणि तेच पडदे परत बसवतात. ग्रास कटरच्या या कार्बोरेटरला मोटारसायकलसारखी वाटी आणि फ्लोट नसतो. त्याचं सगळं काम दोन पातळ पडद्यांवर चालतं. एका बाजूचा पडदा पंप असतो. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, पिस्टनच्या हालचालीने जो दाब-ओढ होतो, त्याच्या ठोक्यावर तो हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसऱ्या बाजूचा पडदा मीटरिंगचा. पेट्रोल कमी झालं की तो आत ओढला जातो, मधल्या छोट्या लिव्हरला दाबतो, लिव्हर सुई उचलते आणि पेट्रोल आत येतं.

परवा असाच एक कार्बोरेटर माझ्या टेबलावर होता. मीटरिंगचा पडदा काढून कानाजवळ नेला आणि बोटाने हलकेच दाबला, तर सुक्या पानासारखा कडकड वाजला. नवा पडदा वाजत नाही. तो ओल्या कापडासारखा बोटाबरोबर जातो. तो जुना पडदा उजेडाकडे धरला तर कुठे भोक नव्हतं, फाटलेला नव्हता, स्वच्छ दिसत होता. साफ करणाऱ्याला त्यात दोष दिसला नसता. पण कडक पडदा स्लोला पुरेसा हलतो आणि एकदम जास्त पेट्रोल लागलं की वेळेवर हलत नाही. तुमचं मशीन जे करतंय ते नेमकं हेच.

त्याच कार्बोरेटरमध्ये पंपाच्या झाकणाखाली, पेट्रोल आत येतं तिथे, शर्टाच्या बटणाहून लहान गोल जाळी असते. सुईने अलगद उचलली तर खाली तपकिरी डिंकासारखा थर होता. दिवाळीला शेवटचं गवत कापून मशीन माळ्यावर टाकलं, टाकी अर्धी भरलेली, आणि जूनला परत काढलं, की हा डिंक तयार. जुलैत माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त मशीनं याच गोष्टीची असतात.

म्हणून माझा सल्ला: कार्बोरेटर नवा घेण्याआधी त्याचं पडदे-पॅकिंगचं किट घाला. सुई, लिव्हर आणि स्प्रिंगसह पूर्ण किट मिळालं तर तेच घ्या. उघडताना प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा, कारण क्रम चुकला तर मशीन आधीपेक्षा वाईट चालतं. बहुतेक पत्तीच्या कार्बोरेटरमध्ये मीटरिंगच्या बाजूला आधी पॅकिंग आणि त्यावर पडदा बसतो. पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि त्यावर पॅकिंग. पण ज्यात पत्तीऐवजी फिरणारा गोल दट्ट्या असतो त्याचा क्रम वेगळा, म्हणून स्वतःच्या फोटोवर विश्वास ठेवा. जेटच्या भोकात तार घालू नका, पितळ खरवडलं की माप कायमचं बिघडतं. आणि पडदे बसलेले असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या दाबाने पडदा ताणला जातो, मोठ्या जेटमधला छोटा व्हॉल्व्हही जागेवरून उडतो. लिव्हर वाकवू नका. ती खाली गेली तर पेट्रोल कमी, वर आली तर मशीन ओलं होऊन बंद पडतं.

आता चोरीची हवा. याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण यात मी एका माणसाचं नुकसान केलं आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी हात शिकलो तो शेतावरच्या डिझेल इंजिनांवर. हे गाव इंजिनं ओतणारं, कातणारं आणि जोडणारं, तिथे टू-स्ट्रोकचं छोटं मशीन आम्हाला खेळण्यासारखं वाटायचं. वीसेक वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने असंच दबणारं मशीन आणलं. मी स्लोचा स्क्रू अर्धा आटा उघडला, पिकअप आला, तो खूश होऊन गेला. आठव्या दिवशी परत आला तेव्हा दोरी ओढवत नव्हती. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला होता, म्हणजे जाम झाला होता. खोलल्यावर कळलं, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये जो काळा प्लास्टिकचा ठोकळा असतो, त्याला केसाएवढी चीर होती. मी स्क्रू उघडून स्लोची कमतरता भरून काढली, पण फुल रेसला त्या चिरेतून हवा येतच राहिली. लीन मिश्रण जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल येतं, म्हणजे पेट्रोल कमी तेव्हा तेलही कमी. सिलिंडर-पिस्टन मी माझ्या खर्चाने घातला. पण त्या माणसाची भात कापणी मजुरांवर गेली, ती भरपाई मला करता आली नाही. म्हणून तुम्हाला स्क्रू फिरवू नका म्हणतोय.

हवा चोरते का ते असं बघा. रेस सोडल्यावर मशीन लगेच स्लोला येत नाही, वरच घोटाळत राहतं. किंवा मशीन डावी-उजवीकडे कलवल्यावर स्लो आपोआप वाढतो. यातलं काही होत असेल तर कार्बोरेटरचे दोन्ही बोल्ट आधी आवळून बघा, थरथरीने ते सैल होतातच. तरी संशय राहिला तर मशीन बंद असताना त्या ठोकळ्याच्या दोन्ही जोडांवर घट्ट ग्रीस लावा आणि चालवून बघा. फरक पडला, तर जागा सापडली. काही लोक चालू मशीनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून बघतात. गरम सायलेन्सर बोटभर अंतरावर असतो, ते करू नका. ठोकळ्याचं पॅकिंग बदलताना त्यात जे बारीक भोक असतं ते झाकलं जाणार नाही असं बसवा. पंपाच्या पडद्याला ठोका तिथूनच मिळतो. ते उलटं बसवल्यामुळे नवा कार्बोरेटर घालूनही न चालणारी मशीनं मी पाहिली आहेत. क्रँकच्या सीलमधून हवा येत असेल तर ते घरी करायचं काम नाही.

सायलेन्सर काढायला दोन बोल्ट आहेत, तो काढून बघाच, कारण एका दगडात दोन पक्षी मरतात. जाळी कार्बनने बुजली असेल तर मशीन सुरुवातीला उचलतं पण वर चढत नाही. ती तारेच्या ब्रशने घासा. एग्झॉस्टच्या भोकातला कार्बन काढताना पिस्टन वर आणून भोक झाकून घ्या आणि लाकडी कामटीने खरवडा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. आणि त्याच भोकातून पिस्टनची भिंत बॅटरीने बघा. गुळगुळीत असेल तर देवाची कृपा. उभे ओरखडे दिसले तर कार्बोरेटरवर पैसे घालण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. १०० पीएसआयच्या खाली गेलं असेल तर रिंग-पिस्टनचं काम आधी.

प्लगचं तुम्ही केलंच आहे. फक्त गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा आणि दहा मिनिटं गवतात चालवल्यावर काढून बघा. दुधाच्या चहाचा रंग हवा. पांढरा पडला असेल तर लीन. प्लगला स्पार्क देणाऱ्या कॉइलचा दोष वेगळा ओळखू येतो: पेट्रोल कमी असलं की मशीन दबतं, स्पार्क गेला की ते तुटतं, बटण दाबल्यासारखं, आणि बहुतेकदा गरम झाल्यावरच.

एक गोष्ट मशीनच्या बाहेरची. गार्डवरची दोरी कापायची पट्टी काढून टाकून नायलॉनची लांब दोरी लावलीय का? तसं असेल तर इंजिनावर त्याला न पेलणारा भार येतो आणि चांगलं मशीनही दम सोडतं. पट्टी परत लावा. डोक्याभोवती ओलं गवत गुंडाळलं असेल तर मशीन बंद करून, प्लगची टोपी काढून, मग हात घाला.

हे सगळं झाल्यावर, आणि तेव्हाच, स्क्रू. ‘एल’ म्हणजे स्लोचा, ‘एच’ म्हणजे फुल रेसचा. काही नव्या मशीनला हे स्क्रू टोपी लावून बंद केलेले असतात. त्यांच्या नादाला लागू नका. बाकीच्यांना, दोन्ही स्क्रू बोटाच्या जोराने अलगद बंद करा, दाबू नका, आणि एक ते सव्वा आटा उघडा. मशीन गरम करा. ‘एल’ आत-बाहेर फिरवून जिथे स्लो सगळ्यात जास्त वाढतो ती जागा शोधा, आणि तिथून आट्याच्या आठव्या भागाएवढा उघडा. हा जो किंचित जास्तीचा भाग, तोच त्या दबण्याच्या क्षणाला पूल घालतो. एकदम रेस देऊन बघा. दबलं तर तेवढाच आणखी उघडा. मग तिसऱ्या स्क्रूने स्लो इतका ठेवा की पातं फिरणार नाही. ‘एच’ला कानाने लावतात: मोकळ्या फुल रेसला आवाजात थोडी गुरगुर राहिली पाहिजे आणि गवतात घातल्यावर ती साफ झाली पाहिजे. आवाज एकदम चिरका, स्वच्छ, उंच आला की तो ऐकायला छान वाटतो, पण तिथे पिस्टन जळतोय. लगेच थोडा उघडा.

किट घ्यायला शहरात याल तेव्हा नुसतं ‘५२ सीसीचं द्या’ म्हणू नका. त्याच इंजिनावर दोन-तीन प्रकारचे कार्बोरेटर येतात आणि पडद्याची भोकं जुळत नाहीत. जुना कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून बरोबर आणा, अंगावर ठोकलेला नंबर दुकानदाराला दाखवा आणि जुना पडदा नव्यावर ठेवून भोकं जुळतात का ते काउंटरवरच बघा. टाकीचा फिल्टर आणि हातभर नळी त्याच फेरीत घ्या.